होडी मोडून बांधलेली विहीर

लग्नानंतर लोक महाबळेश्वरला जात. आमच्या ह्यांनी मला मालवणला नेलं. ह्यांना जुन्या वस्त्यांचं वेड. गाव पहिल्यांदा कुठे वसलं, पहिली विहीर कोणी खणली, हे विचारत फिरायचं. त्यात बांधकाम खात्यात ओव्हरसिअर, म्हणजे दगड दिसला की हात लावून बघणारच. गोवा मुक्त झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. नातीने हा ब्लॉग काढून दिलाय आणि तिच्या मैत्रिणी मालवणला कसं जायचं विचारतायत, म्हणून लिहितेय. बोटीचं वेळापत्रक मात्र मागू नका, त्या बोटी केव्हाच बंद झाल्या.

भाऊच्या धक्क्यावरून सकाळी निघालो. डेकवर चटई टाकली की ती जागा आपली. शेजारच्या चटईवर दत्ता होता, गिरणीत काम करणारा, तिशीचा, वर्षाने घरी चाललेला. ह्यांचा नाद ऐकून तो खूश झाला.

"तुमका जुनी वस्ती बगूची आसा मां? मगे आमच्या वाडीत येवा!"

त्याची वाडी तोंडवलीच्या खाली, नदी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर. मूळपुरुष बायकोला घेऊन होडीतून आला, तेव्हा तिथे नुसती वाळू होती. डावीकडे खारं पाणी, उजवीकडेही खारंच. बायकोने हातांनी वाळू उकरली आणि गोड पाणी लागलं. त्याने तिथल्या तिथे होडी मोडली, तिच्या फळ्यांची चौकट त्या खड्ड्यात बसवली आणि परतीचा विचारच संपवला.

"चौकट आहे अजून?" ह्यांनी विचारलं.

"कुजली हुती. गेल्या वर्सा काडलंय आणि थयसरच चिऱ्याची बाव बांधलंय. बारा हात खोल! आख्ख्या पट्टीर तशी बाव नाय." सहा वर्षांची कमाई त्याने त्यात घातली होती.

ह्यांचा चेहरा पडला, पण दत्ताचा आनंद बघून मला मात्र ती नवी विहीरच बघावीशी वाटली.

मालवणला बोट लांब उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्यावर यायचं. लुगडं भिजणार हे धरूनच चाला. पहिला दिवस सिंधुदुर्गात गेला. अगदी जवळ जाईपर्यंत किल्ल्याचा दरवाजा दिसतच नाही. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन विहिरी. चहूकडे समुद्र आणि मधे हे गोड पाणी. मी ओंजळीने प्यायले आणि कितीतरी वेळ काठावर बसून राहिले. ऊन, वारा, लाटांचा तोच तो आवाज. आपण जागे आहोत की नाही असं वाटायला लागलं. नंतर खानावळीत बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी पोटात गेल्यावर जाग आली.

दत्ता एका कामासाठी मालवणातच थांबला होता, दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर सर्जेकोटपर्यंत चालत. तिथे खाडीच्या तोंडावर छोटा कोट आहे, चुकवू नका. पलीकडे जायला तर, म्हणजे माणसं नेणारी होडी. नवे पैसे येऊन काही वर्षं झाली होती, पण तरवाला अजून आणेच मागायचा. पलीकडे उतरलो आणि वाळूतून उत्तरेला चालायला लागलो. माडांच्या एका बाजूने नदी दिसायची, दुसऱ्या बाजूने समुद्र. इतका उजेड की डोळे मिटून चालावंसं वाटे. आयुष्यात फार थोड्या वेळा मी इतकी निवांत होते.

दत्ताच्या घरी मात्र कोणी हसलं नाही. त्याची आई, जानकीकाकी, आमच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली. दत्ता आम्हाला ओढतच विहिरीवर घेऊन गेला. चिरे सुंदर बसवलेले, कठडा गुळगुळीत. पण रहाट कोरडा, दोराला कोळ्याचं जाळं. त्याने स्वतः घागर सोडली, वर काढली, घोट घेतला आणि थुंकला. पाणी खारट होतं.

दिवाळीपासूनच तसं झालं होतं. बायका रोज होडीने नदी ओलांडून पाणी आणत होत्या. आईने त्याला पत्रात कळवूच दिलं नव्हतं. वाडीतल्या लोकांनी पलीकडे जागाही बघून ठेवली होती. दत्ता आल्यावर काय ते ठरवायचं, आणि पाणी नसेल तर पावसाआधी घरं उचलायची. पिढ्यान् पिढ्यांची वस्ती उठणार होती, आणि तीही त्याच्या विहिरीपायी.

संध्याकाळी माणसं जमली. एक म्हातारा ह्यांना म्हणाला, "सायब, तुमी शिकलेले. तुमी सांगा."

आमचे हे कठड्यावर हात फिरवत म्हणाले, "आणखी खोल जावं लागेल. खाली गोड्या पाण्याचा झरा मिळेल." पुस्तकात तसंच होतं म्हणे. दत्ताच्या तोंडावर रंग आला. उद्याच माणसं लावतंय, म्हणाला.

तेवढ्यात जानकीकाकी उठली. माडाखाली गेली, गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी वाळू उकरायला लागली. हातभर खड्डा झाल्यावर तळाला ओल आली, मग ओंजळभर पाणी साचलं.

"पी," ती दत्ताला म्हणाली.

तो प्यायला. "गोड आसा."

"आता खण."

त्याने फावडं घेतलं. कमरेएवढा खड्डा झाल्यावर तिने त्याला थांबवलं. पाणी भरभरून आलं. तो प्यायला, तेही गोडच.

"पावसाचा पाणी वाळयेत वरच्या वर रवता," काकी म्हणाली. "वरचा पाणी आमचा, खालचा दर्याचा. आमका आमच्या सासवांनी सांगितलेला."

"मगे तेवाच कित्याक नाय सांगलंस?"

"सांगलंय रे. तू चिरे मोजी हुतंस." मग हळूच म्हणाली, "आणि तू इतको खुशीत हुतंस."

ह्यांनी सगळ्यांसमोर हात जोडले. "काकी, माझं चुकलं. तुमचंच खरं." ह्यांचा मला तेव्हा जेवढा अभिमान वाटला, तेवढा बढतीच्या वेळीही वाटला नाही.

पण वाळूतला असा खड्डा ढासळणार, आणि नवी चिऱ्याची विहीर बांधायला पैसा उरला नव्हता. आहे तीच विहीर खालून नऊ हात बुजवायची आणि वरच्या तीन हातांत गोडं पाणी साठायला एक पावसाळा थांबायचं, एवढाच उपाय उरला. पण दुसऱ्याने बांधलेली विहीर बुजवायला कोणाचा हात उठेना. सकाळी दत्ताच उठला. वाळूची पहिली पाटी त्याने स्वतः टाकली. दुसरी टाकताना तो रडत होता, आणि कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. मग सगळी वाडी लागली. आम्हीही दुपारपर्यंत पाट्या वाहिल्या आणि उकड्या तांदळाची पेज पिऊन निघालो.

परत आल्यावर हे कधी नव्हे ते पावसाची वाट बघायला लागले. पाऊस आला, संपला, तरी वाडीचं काही कळेना. त्या प्रवासातलं माझ्याजवळ काय राहिलं म्हणाल, तर तो उजेड, ती पेज आणि चूक कबूल करताना माणूस किती देखणा दिसतो ते.

दिवाळीनंतर दत्ताचं कार्ड आलं, गिरणीतल्या कोणाकडून शुद्ध मराठीत लिहून घेतलेलं. विहिरीचं पाणी गोड झालं होतं. एकही घर पलीकडे गेलं नव्हतं. खाली लिहिलं होतं, "कठड्यावर माझ्या नावाचा दगड बसवायचं आईने मनावर घेतलं आहे. मी नको म्हणतो, मला लाज वाटते. ती ऐकत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, विहीर बांधली ती माझ्या मुलानेच, आणि बुजवली तीही त्यानेच."