कटपीसचा रकाना

नव्वदीच्या सुरुवातीला मी जळगावहून धुळ्याला एका कापड दुकानात कॉम्प्युटरवर हिशेब बसवून द्यायला जायचो. पारोळ्यापर्यंत एसटीत उभं, पुढे नशीब असेल तर खिडकी. दुकान दोघा भावांचं. थोरला गल्ल्यावर, धाकटा मागच्या बाजूला कटपीस विकायचा, म्हणजे ताग्याच्या शेवटी उरलेले मीटर-दीड मीटरचे तुकडे, पडत्या भावात.

थोरल्याला कटपीसची वेगळी फाइल हवी होती. तागा संपत आला की तुकडा इकडून काढायचा, तिकडे नव्या भावाने चढवायचा. "सर, तुमचं काय जातं? दोन फाइली करा."

माझं डोकं जात होतं. तुकडा इकडून काढला आणि तिकडे चढवायच्या आत लाइट गेली, तर तो कुठेच नाही! आणि धुळ्यात लाइट जायला मुहूर्त लागत नव्हता. मी म्हणत होतो, फाइल एकच ठेवू. त्याच ओळीत दोन रकाने वाढवू: एक पडत्या भावाचा, दुसरा माल पुढचा की मागचा, ते सांगणारा. रोज तेच सांगून घसा बसला. गाढवापुढे वाचली गीता म्हणावं, तर माणूस चहा फार अगत्याने पाजायचा.

एका संध्याकाळी धाकटा मला स्टँडवर सोडायला आला. गाडी लागलेली नव्हती. तो हळूच म्हणाला, "भाऊ, फाइल येगळी करू नका. आज कॉम्प्युटरमा येगळं, मंग चूल येगळी. आमनं बठ्ठं एकज शे, सगळं एकच, तसंच राहू द्या."

तोवर मला हा नुसता फाइलींचा वाद वाटत होता. वाटणी झाली तर त्या उरल्यासुरल्या तुकड्यांवर त्याला संसार रेटावा लागणार होता. मला त्याची दया आली, आणि स्वतःचीही. आलो होतो कॉम्प्युटर बसवायला, हे पंचाचं काम कुणी गळ्यात मारलं?

दुसऱ्या दिवशी मी थोरल्याला लाइटची अशी काही भीती घातली की तो मुकाट कबूल झाला. फाइल एकच राहिली. धाकट्याने जाताना बळेच एक शर्टपीस पिशवीत कोंबला. त्या दिवशी मला खरंच बरं वाटलं होतं.

दिवाळी उलटल्यावर थोरल्याने बोलावून घेतलं. दोघांचं बोलणं बंद होतं. वाटणी ठरली होती. "सर, मागचा माल तेवढा वेगळा काढून द्या. किती दिवस जातील?"

दिवस कसले? ज्या ओळींत त्या रकान्यात 'मागचा' लिहिलंय, तेवढ्या दुसऱ्या फ्लॉपीवर घे, एवढंच मशीनला सांगायचं होतं. मी एका ओळीत ते लिहिलं आणि बटण दाबलं. धाकटा माझ्या खुर्चीमागे उभा होता. मी फ्लॉपी काढून त्याच्या हातात दिली.

"व्हयनं का भाऊ?" त्याने विचारलं.

"झालं," मी म्हणालो.