आपाचा डावा तळवा

काल शेजारून मेंदीतल्या निलगिरी तेलाचा वास आला आणि मी थेट अकोल्यात, माझ्याच लग्नाच्या मेंदीला जाऊन बसले. मेंदीवाली शबाना आपा माझ्या हातावर वेल काढत होती. आत्याने पैसे विचारले. आपाने दोन हजार सांगितले.

"इतके कावून? परतवाड्यात अर्ध्यात काढून देतेत!"

"देत असतीन, आत्याबाई. माह्या कामाचे इतकेच होतेत."

आवाज चढला नाही, मेंदीचा कोन थरथरला नाही, वेल सरळ मनगटापर्यंत गेली. आत्याने दोन हजार मोजून ठेवले. मी थक्क होऊन बघत राहिले.

माझा हात आपाच्या डाव्या तळव्यावर होता. तो तळवा घामाने चिंब होता. मला वाटलं, उन्हाळा आहे.

आता मी लोकांच्या लग्नाचे अल्बम डिझाइन करते; गिऱ्हाइकाला पैसे सांगताना भर थंडीतही माझे तळवे भिजतात. तो उन्हाळा नव्हता.