उचलता येईल तेवढी गाडी

जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या एका उपकेंद्रात माझी बदली झाली तेव्हा मी पस्तिशीला आले होते आणि मला सायकलीशिवाय काहीच चालवता येत नव्हतं. मी नर्स. माहेर मलकापूरजवळ, उसाच्या पट्ट्यात. तिथं रस्त्यावर उभं राहिलं की काही ना काही वाहन मिळायचं, त्यामुळं गाडी शिकायची वेळच आली नव्हती. जतकडं तसं नव्हतं. उपकेंद्राखाली सात वस्त्या, एकमेकींपासून चार-पाच किलोमीटरवर. एसटी सकाळी एकदा यायची, संध्याकाळी एकदा. बाकी वेळ मी पाण्याच्या टँकरमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून जायचे, नाहीतर चालत.

पहिल्याच उन्हाळ्यात सगळ्यात लांबच्या वस्तीवरून सकाळी नऊच्या सुमाराला फोन आला. मेंढरं राखणाऱ्या घरातली सून होती, विशीतली, पहिलटकरीण. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते, पण पहाटेपासून कळा सुरू होत्या. रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेली होती, तिला यायला वेळ लागणार होता. टँकरही त्या दिवशी दुसऱ्या वाटेनं गेलेला. मी बॅग खांद्याला अडकवली आणि चालू लागले. वाटेत एक ट्रॅक्टर मिळाला, तो अर्ध्यात वळला. पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते. बाळ जन्मलं होतं. मानेला नाळेचा वेढा. मुलगी होती. मी बराच वेळ प्रयत्न केला. ती रडली नाही.

आईचं रक्त थांबत नव्हतं. इंजेक्शन दिलं, रुग्णवाहिका येईपर्यंत तिचं पोट चोळत बसले. ती वाचली. तिची सासू मला वाईट असं काही बोलली नाही. पाण्याचा तांब्या पुढं केला आणि एवढंच विचारलं, "अक्का, चालत आलासा व्हय?"

मी आधी पोचले असते तर मूल वाचलंच असतं, असं मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण दोन तास माझे रस्त्यात गेले होते, आणि ते मला काही केल्या विसरता येईनात.

पुढच्या आठवड्यात रजा काढून माहेरी गेले. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. ते सैन्यात होते, उमेदीची कितीतरी वर्षं मोटारसायकलवरून डाक पोचवण्यात गेली. निवृत्तीनंतर ऊस लावला. भावाला त्यांनी मिसरूड फुटायच्या आधीच बांधावर गाडी शिकवली होती. मला नाही. आता त्यांचा उजवा हात थरथरायचा, म्हणून त्यांनी स्वतःची गाडी विकून टाकली होती.

मी त्यांना सगळं सांगितलं.

"मला गाडी घ्यायची हाय, आबा. तुमी बघून द्या."

"स्कूटर का मोटारसायकल?"

"सगळ्याजणी स्कूटरच घ्या म्हणत्यात."

"रस्ता कसला हाय?"

"डांबर थोडंच. म्होरं खडी, मुरूम, आन् वढ्यातली वाळू."

"मग बारक्या चाकाचं काम न्हाई," ते म्हणाले. आणि मग, माझ्याकडं न बघता, "तुला तवाच शिकवाया पायजे हुतं. तू मागितलं न्हाईस आन् मी इचारलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही इस्लामपूरला गेलो. मोठं दुकान होतं, काचेचं. तिथला माणूस सगळं आबांशीच बोलत होता. ही इतकी पळते, हिचा आवाज असा येतो, पोरांना हीच आवडते. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गाडी तिला चालवायची हाय. तिच्यासंगं बोला." त्या माणसानं मग मला एका उंच गाडीवर बसवलं. माझे नुसते चवडे टेकत होते. ती डावीकडं झुकली आणि त्यानं झेलली नसती तर मी तिच्याखालीच गेले असते.

"दोनी टाचा भुईला लागल्या पायजेत," आबा म्हणाले. "न्हाईतर उतर."

त्यांनी त्याला एक विनंती केली. सगळ्यात लहान गाडी पोत्यावर आडवी टाकायची आणि मी एकटीनं ती उभी करून बघायची. तो हसला, मग ते खरंच सांगताहेत हे कळल्यावर नवीन गाडीला चरा जाईल म्हणून नको म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. आम्ही चहा न पिता निघालो.

शेवटी गाडी मिळाली ती मलकापुरात, आबांच्या ओळखीच्या मिस्त्रीकडं. शंभर सीसीची, काळी, चार वर्षं वापरलेली. एका शिक्षकांची होती, त्यांना डोळ्यांनी नीट दिसेनासं झालं म्हणून विकायला ठेवली होती. आबांनी आधी इंजिनावर तळहात ठेवला. ते गार आहे याची खात्री केली, कारण तापवून ठेवलेली गाडी कुणालाही पहिल्या किकला सुरू होते. मग मला किक मारायला लावली. चौथ्यांदा सुरू झाली. "बटन हाय, पर बॅटरी बसली की बटन काय कामाचं? किक पायजेच," ते म्हणाले. त्यांनी पुढचं चाक फिरवून बघितलं, साखळी बोटानं दाबली, खाली तेल गळतंय का ते वाकून पाहिलं. चाकं तारांची होती. ती वाकली तर कुठलाही मिस्त्री ओढून सरळ करतो. आणि क्लचची वायर तुटली तर ती जतच्या बाजारात मिळेल का, हेही त्यांनी विचारून घेतलं. गाडी वेग किती घेते हे मात्र त्यांनी एकदाही विचारलं नाही.

मग गाडी आडवी टाकली. मी हँडल धरून ओढायला लागले. ती हलेना. मिस्त्री पुढं आला तसा आबांनी हात आडवा केला. "तिथं कोण असणार हाय?"

"आबा, न्हाई उठत."

"पाठ कर तिच्याकडं. सीटला टेकून बस. एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला. आता पायानं रेट, मागं मागं."

तिसऱ्या खेपेला ती उठली. आबा मान वळवून तोंड पुसत होते. त्यांनी मग सांगितलं, मी कधीच ऐकलं नव्हतं ते. डोंगरातल्या एका पोस्टिंगला ते गाडीसकट बर्फात पडले होते. गाडी भारी होती आणि पाय खाली सापडलेला. मागून येणारी जीप पोचेपर्यंत ते तसेच पडून राहिले. "मला न्हाई उचलता आली," ते म्हणाले. "लय वेळ हाका मारल्या."

शिकले मी साखर कारखान्याच्या मैदानात. हंगाम संपला होता, बैलगाड्यांचा तळ रिकामा होता. आबा एका दगडावर बसून ओरडायचे, "क्लच हळू सोड गं! हळू!" गाडी हिसका देऊन बंद पडायची. दोनदा पडले, कोपर सोललं. एकदा त्यांना राग आला आणि गाडी कशी चालवायची ते दाखवायला स्वतः बसले. हँडलवर हात ठेवला तर पुढचं चाकच डगमगायला लागलं. ते उतरले. त्या दिवशी आम्ही लवकर घरी गेलो.

लायसन्स मिळाल्यावर गाडी टेम्पोत घालून जतला नेली. पहिल्या महिन्यात लोक थांबून बघायचे. एकदा ओढ्यातल्या वाळूत घसरले. आसपास माणूस नव्हतं. मी उठले, गाडीकडं पाठ केली आणि ती उभी केली. मग मात्र तिथंच कडेला बसून रडले. कशासाठी ते नेमकं सांगता येणार नाही. लागलं तर नव्हतं.

त्या लांबच्या वस्तीवर जायचं मी गाडी आल्यावरही पाच आठवडे टाळलं. गेले तेव्हा ती सून दारात ज्वारी पाखडत होती. तिनं गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आता येतासा व्हय अक्का, गाडीवर?"

"व्हय."

"तवा असती तर?"

मी म्हणाले, "माहीत न्हाई गं. आले असते मात्र."

ती पुन्हा पाखडायला लागली. मी बॅगेतून रक्त तपासायचं सामान काढलं. काही वेळानं तिनं सूप खाली ठेवलं आणि रक्त तपासायला हात पुढं केला.

पुढच्या वर्षी तिला पुन्हा दिवस गेले. मी दर बुधवारी जायचे. रक्तदाब बघायचा, गोळ्या घेतल्या का ते विचारायचं, सासूशी बोलत बसायचं. मेंढरं घेऊन ते लोक लांब उतरले होते तेव्हा तिथंही गेले, विचारत विचारत. सातव्या महिन्यात तिचा रक्तदाब वाढलेला सापडला. सासू तिला जतच्या दवाखान्यात पाठवायला तयार नव्हती. तीन बुधवार मी तेच बोलत राहिले. शेवटी आठव्यात तिला जतमध्ये, दवाखान्याजवळ राहणाऱ्या तिच्या मावशीकडं नेऊन ठेवलं, जीपनं.

तिचं बाळंतपण झालं तेव्हा मी तिथं नव्हते. दुसऱ्याच वस्तीवर लस देत होते. दुपारी तिच्या नवऱ्याचा फोन आला. मुलगा झाला होता, वजन जरा कमी होतं, पण रडला होता. मी त्याला तेच दोनदा विचारलं. "रडला न्हवं?"

"लय रडला, अक्का," तो म्हणाला. "आजून रडतोयच."

मी फोन ठेवला. समोर एक आजी नातवाला मांडीवर घेऊन बसली होती, तिचा नंबर होता. मी हात धुतले आणि पुढची सुई काढली.