पालथा वाडगा

थेंबवाली म्हणजे आमच्या वरच्या खोलीतली भाडेकरू. काम करताना ती मान वर करत नसे. एकदा सिलिंडरवाला "ताई, सही" म्हणत दारात ताटकळला आणि ही श्वास रोखून पट्टीवर थेंब टाकत राहिली. शेवटी सही मीच केली.

पट्टी म्हणजे रक्तातली साखर तपासतात तसलीच. तिच्या काळ्या टोकावर ती कसल्याशा औषधाचा थर द्यायची. त्यावर डाळिंब धुतलेलं पाणी टाकायचं. पाण्यात फवारणीचं विष असलं की यंत्रातला आकडा खाली यायचा. तिच्या वडिलांची डाळिंबाची बाग सांगोल्याला. "अण्णा फवारून आले की त्यांचे हात थरथरत्यात, आजी. फळावर किती राहिलंय ते बागेतच कळाय पायजे की," हे तिने एकदाच सांगितलं.

औषधाची बाटली माझ्या फ्रिजमध्ये, वर चिठ्ठी : हात लावू नका. माझ्याच फ्रिजमध्ये मलाच बंदी! मी दह्याच्या भांड्यावर तशीच चिठ्ठी लावली.

पण एकाच पाण्याला दहा पट्ट्यांचे आकडे दहा तऱ्हेचे येत. तिच्या पीएचडीच्या सरांनी बजावलं होतं, दहाही सारख्या आल्याशिवाय प्रबंध घेणार नाही. मुदतीला महिना उरला. पोरगी नुसती भाकरी चिवडत बसायची.

मी जन्मभर विड्या वळल्या. एकदा तिच्याजवळ बसून पाहिलं. थेंब सगळे सारखे, पण डोक्यावर पंखा गरागरा.

"पंख्याखाली वाळवतेस?"

"लवकर वाळतंय की, आजी."

"विडीचं पान असं वाळवलं असतं तर मुकादमाने विड्यांचं सूप तोंडावर फेकलं असतं. कडा आधी वाळतात, मध्ये ओलंच राहतं. झाकून ठेव."

"पीएचडी तुमी करताय का मी?"

"तुला होईना म्हणून बोलले."

तिने रागाने पंखा बंद केला. मी पट्ट्यांवर स्टीलचा वाडगा पालथा घातला. लग्नातला, माझ्या बापाचं नाव कोरलेला.

दुसऱ्या दिवशी जिन्यातूनच ओरडली, "आजी, नऊ सारख्या!"

"आणि दहावी?"

"ती हातातनं पडली."

पुढच्या खेपेला दहाही जमल्या. प्रबंध गेला. खोली सोडताना तिने वाडगा मागितला.

"नवा घे की बाजारातून."

"यानंच जमलंय. बदलला आन् बिघडलं तर?"

एवढी शिकलेली पोरगी! दिला.

आता ती पुण्याला प्रयोगशाळेत आहे. परवा फोटो पाठवला. यंत्रांच्या मधोमध वाडगा पालथा, नाव ठळक. "पोरीच्या जातीला शिकून काय करायचंय" म्हणून चौथीनंतर माझी शाळा सोडवणारा माझा बाप. बस म्हणावं आता तिथे, पोरींच्या पट्ट्या राखत.