तीन राहुकाळांची दिवाळी

पहिल्या दिवाळसणाला सासरच्यांनी मला अंगठी दिली आणि मी त्यांची गाडी बुडवली.

गाडी साधीसुधी नव्हे! चार जाडजूड टायर, मोटरसायकलसारखं हँडल, वाळूत, चिखलात, कुठंही घुसणारी एटीव्ही. माझा मेहुणा व्यंकोजी, घरात सगळ्यांचा वेंकू, यानं जवळचं होतं नव्हतं ते सगळं घालून ती जुनी विकत घेतली होती. महाबलीपुरमच्या वाटेवर समुद्राकाठी एक रिसॉर्ट होतं. त्याचे मालक दिवाळीच्या शुभदिवशी संध्याकाळी गाडी बघायला येणार होते. पसंत पडली, तर पाहुण्यांना वाळूतून फिरवायचं काम वेंकूला. नाही पडली, तर रेल्वेतून रिटायर झालेल्या माझ्या सासऱ्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं, "गाडी विकायची आणि बँकेच्या परीक्षेला बसायचं." बँकेचं नाव काढलं तरी वेंकूला ताप भरायचा.

मी मूळचा सांगलीचा, चेन्नईत अंबत्तूरला पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर. बायको तंजावरी मराठी, सासर पेरुंगुडीला. तिकडे जावयाच्या पहिल्या दिवाळीचा थाट काय वर्णावा! त्या दिवशी जावयाला 'नाही' म्हणायचं नाही, अशी घरची रीतच. मी सहज म्हणालो, "सांबारात जरा गूळ हवा होता," तर गूळ पडला. (माझ्याशिवाय कुणी ते सांबार खाल्लं नाही, ती गोष्ट वेगळी.)

आता चेन्नईचा पाऊस येतो तोच मुळी दिवाळीच्या सुमाराला. त्या सकाळी गल्लीच्या टोकाला गुडघाभर पाणी साचलं होतं. मी तेल लावून न्हालेला, नवं कोरं जरीकाठी धोतर नेसलेला, पोटात आठ इडल्या. अशा माणसाला काय सुचणार?

"वेंकू, ही कुठंही जाते ना? चल, बघू या!"

वेंकूनं गल्लीच्या टोकाकडे बोट दाखवलं. "भावोजी, तिकडे पाइपासाठी खणून ठेवलंय..."

"असू दे रे! आम्ही कृष्णेचा पूर पाहिलेली माणसं!"

गाडी ऐटीत पाण्यात शिरली. चार हात गेली. मग पुढची चाकं खाली गेली, मग दिवा गेला, मग सीट गेली आणि मी छातीभर पाण्यात हँडल धरून उभा राहिलो. समोरच्या गॅलरीतून एका मामींनी हसून विचारलं, "गंगास्नानम आच्चा?" (दिवाळीला तिकडे सगळे एकमेकांना हेच विचारतात, गंगास्नान झालं का म्हणून.)

"झालं, झालं," मी नम्रपणे म्हणालो.

"गाडीचंही झालं!" दारातून माझी बायको मीना ओरडली.

दोरी लावून, पाच-सहा जणांनी ओढून गाडी अंगणात आणली. वेंकू पांढराफटक पडला होता. मला खरंच वाईट वाटलं, म्हणून मी छाती पुढे काढली. "घाबरू नकोस. मी इंजिनिअर आहे. आत्ता चालू करतो." आणि स्टार्टरच्या बटणाकडे हात नेला.

जावयाला 'नाही' कसं म्हणायचं? वेंकू धावत स्वयंपाकघरात गेला आणि पुढच्याच क्षणी सासूबाई बाहेर आल्या.

"अय्यय्यो, जावईबापू! राहुकाळ लागला! आता काही सुरू करू नये. तुम्ही उगे बसा, कॉफी देते."

मला झोपाळ्यावर बसवलं. मनात म्हटलं, काय ही अंधश्रद्धा! पण कॉफी फक्कड होती. झोपाळ्यावरून दिसत होतं, वेंकू आणि सासरे गाडी मागच्या बाजूवर उभी करत होते. सायलेन्सरमधून भळाभळा पाणी आलं. मग वेंकूनं स्पार्क प्लग काढला, इंजिन नुसतं फिरवलं, तर प्लगच्या भोकातून कारंजं उडालं! आत पाणी असताना मी बटण दाबलं असतं, तर इंजिनच्या आतला दांडा वाकला असता. (हे मला नंतर कळलं. तेव्हा मी तिसरा लाडू खात होतो.)

जेवून उठलो तर वेंकू इंजिनचं ऑइल काढत होता. ते दूध घातल्यासारखं पांढुरकं झालं होतं. मी म्हणालो, "एवढ्याशा पाण्यानं काय होतं? आमच्या पंपात तर दिवसभर पाणीच असतं! बस झालं, लाव प्लग."

"राहुकाळ!" आतून आवाज आला.

पुन्हा झोपाळा, पुन्हा कॉफी. वेंकूनं ऑइल बदललं, कार्बोरेटर रिकामा केला, टाकीत नवं पेट्रोल भरलं, एअर फिल्टरचा स्पंज धुऊन वाळवला. इंजिन खोकलं, धूर ओकलं आणि चालू झालं! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. पठ्ठ्यानं ते बंद करून पुन्हा ऑइल बदललं. मग मात्र मला राहवेना. मी टांग टाकून बसलो. "मेन रोडवर एक चक्कर मारून येतो."

"राहुकाळ!!" या वेळी सासूबाई, सासरे आणि मीना तिघंही एका सुरात ओरडले. ब्रेक अजून ओलेच होते.

म्हटलं, हे शहरच बिकट. राहुकाळ जेवणासारखा तीन वेळा येतो!

संध्याकाळी मालक आले. गाडी पुसून, टायरखाली लिंबू ठेवून तयार होती. वेंकूनं किल्ली लावली. आणि मला वाटलं, आपण दिवसभर काही केलं नाही, निदान आता तरी उपयोगी पडावं.

"थांबा!" मी हात आडवा केला. "राहुकाळ असेल!"

मालक दचकून मागे सरले. मालकांनी घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "सर, आज गुरुवार. राहुकाळ दीड ते तीन. तो दिवसातून एकदाच येतो."

"एकदाच? पण आज तर तीनदा आला!"

सासरे आकाशाकडे बघू लागले. "कॉफी आणते," म्हणत सासूबाई आत पळाल्या. शेवटी मीनानंच, लाज सोडून, सगळं खरं खरं सांगितलं: मी गाडी कशी बुडवली आणि माझ्यापासून ती तीनदा कशी वाचवली.

मालक पोट धरधरून हसले. मग डोळे पुसत वेंकूला म्हणाले, "ब्रेक वाळल्याशिवाय जो घरच्या जावयालाही गाडीवर बसू देत नाही, त्याच्या हातात माझे पाहुणे सुखरूप राहतील. सोमवारपासून ये." वेंकूनं मला मिठी मारली. मी शांतपणे मिठी स्वीकारली. शेवटी गाडी मी बुडवली म्हणूनच काम मिळालं ना!

वेंकूच्या आता समुद्रकाठी पाच गाड्या आहेत. आणि आमच्या घरी राहुकाळासाठी कुणी कॅलेंडर बघत नाही. मी पाना हातात घेतला, की तो लागतो.