फिटरकाकांचा करदोडा

फिटरकाकांइतका भित्रा माणूस आमच्या लोधिवलीत दुसरा नव्हता, आणि ही गोष्ट ते स्वतःच कौतुकाने सगळ्यांना सांगत. हमरस्ता ओलांडायचा तर लांबवर एकही ट्रक दिसेनासा होईपर्यंत ते उभे राहत. एकदा आम्ही दहा-बारा जण माथेरानला गेलो. सगळे घोड्यांवर चढले, काका मात्र गाड्या थांबतात त्या दस्तुरी नाक्यापासून बाजारापर्यंत पायी आले. कारण विचारलं तर म्हणाले, "घोड्याला ब्रेक कुटं असतो रं?"

असा माणूस शर्यतीचं यंत्र बनवेल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. काका खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर होते आणि मीही तिथेच कामाला होतो. कापणी झाली की खालापूरकडच्या रिकाम्या भातखाचरांत आम्ही तरुण पोरं मोटारसायकली पळवायचो. एका परदेशी मासिकात मला जाड्या टायरांच्या तीनचाकी शर्यतीच्या गाडीचं चित्र सापडलं आणि माझी झोपच उडाली. चित्र घेऊन मी काकांकडे गेलो. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत माझ्या हातात दिलं. "ही तिपाई हाय. वळणावर आडवी व्हनार. चौथं चाक लावनार असशील तर ये, नायतर माज्या दारात उभा राऊ नको."

मग त्यांच्या मागच्या पडवीत आमची चारचाकी मोटारसायकल जन्माला येऊ लागली. इंजिन जुन्या मोटारसायकलचं, चाकं स्कूटरची, बाकी सगळं भंगारातलं. पण आराखडा काकांच्या भीतीचा होता. उलटायची भीती, म्हणून गाडी रुंद आणि जमिनीलगत. पाय मागच्या चाकाखाली जाईल ही भीती, म्हणून दोन्ही बाजूंना पत्र्याच्या फळ्या. एक चाक खड्ड्यात गेलं तर दुसऱ्याने जमीन सोडू नये, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना वेगवेगळ्या स्प्रिंगा. मागची दोन्ही चाकं मात्र एकाच दांड्यावर होती. "ती दोगं बरोबरच फिरनार, म्हनून वळताना तूच अंग आत टाकायचं," हे त्यांनी माझ्याकडून इतक्या वेळा घोकून घेतलं की मी घरात जेवायला बसतानाही एका बाजूला कलायला लागलो.

मूठ पिळून वेग वाढवायची सोयही त्यांनी काढून टाकली. मी वैतागलो. ते म्हणाले, "मानूस घाबरला की मूठ आवळतो. मूठ आवळली की गाडी आनकी पळते." त्याऐवजी त्यांनी अंगठ्याने दाबायची एक पट्टी बसवली. अंगठा सुटला की वेग गेला. मी एकदा चिडून म्हटलं, "काका, किती घाबरता तुमी!" त्यावर ते अगदी शांतपणे म्हणाले, "भीती सगळी मशीनमंदी घालून ठेव. मंग ती सोबत न्यावी लागत नाय."

सर्वांत शेवटी आली दोरी. एक टोक इंजिन बंद करणाऱ्या बटणाला, दुसरं माझ्या मनगटाला. काळी, जाड, थेट करदोड्यासारखी, म्हणून ते तिला करदोडाच म्हणत. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा काकांच्या घराने गंडेदोरे सोडले होते, त्यामुळे पोरांना आयतंच कोलीत मिळालं. "काय काका, माणसांचे सोडले आणि मशीनला बांधला?" काका हसले. "तो दोरा इश्वासावर चालायचा. ह्यो स्विचवर चालतो."

शर्यतीच्या दिवशी त्यांनी ती गाठ स्वतः मारली. मग ती तीनतीनदा ओढून पाहिली. मी मजेत होतो, कारण गाडी वाऱ्यासारखी पळत होती आणि वळणावर सगळ्या मोटारसायकलींना मागे टाकत होती. मग एका बांधावरून उडी चुकली. मी फेकला गेलो, करदोडा ओढला गेला, इंजिन तिथेच गपगार झालं आणि गाडी माझ्या पायावर उलटली. मागून मोटारसायकली येत होत्या. धुरळ्यात त्यांना मी दिसणं शक्यच नव्हतं.

आणि मला काका दिसले. अंगातला सदरा काढून तो फडकावत, ओरडत, ते थेट मोटारसायकलींसमोर धावत गेले आणि वाटेत पाय रोवून उभे राहिले. पहिली गाडी त्यांच्या कोपराला घासून गेली. बाकीच्या दोन्ही बाजूंनी वळल्या. नंतर काकांना एवढी हुडहुडी भरली की लोकांनी मला सोडून आधी त्यांनाच पाणी पाजलं.

पाय बरा झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, आता तुम्हाला भित्रा म्हणणाऱ्याचं थोबाड फोडीन. काका चक्क रागावले. "भित्राच म्हन. भ्यालो म्हनून तर धावलो. न भिनारे सगळे बांधावर उभे व्हते नव्हं?"

पुढे बऱ्याच वर्षांनी काका गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला वक्त्यांनी त्यांना निर्भीड, धाडसी, लढवय्ये असं काय काय म्हटलं. माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच बोलू शकलो, "काका फार भित्रे होते. म्हणून मी आज इथे उभा आहे." पुढच्या रांगेतले लोक माना वळवून माझ्याकडे बघू लागले. मी खाली बसलो आणि वाटलं, चुकलंच आपलं.

कार्यक्रम संपल्यावर काकींनी मला जवळ बोलावलं. "बरं झालं, कुनीतरी खरं बोललं. ते निर्भीड-बिर्भीड आयकून त्यांना तर घामच फुटला आसता रं!" आम्ही दोघंही हसलो, आणि हसता हसताच मला रडू फुटलं.