आजाऱ्याच्या चालीनं

आमच्या कचेरीत शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या काकांइतका सावकाश चालणारा माणूस अख्ख्या नव्या मुंबईत नव्हता, आणि त्याचाच पगार घेणारा तर जगात नसेल. नव्वदच्या दशकात नवे सेक्टर उभे राहत होते. कुठे औषधाचं दुकान हवं, ते पाहून सुचवण्याचं काम आम्हां दोघांकडे होतं. काका अंतर पायांनी मोजत, तेही आजाऱ्याच्या चालीनं, मध्येमध्ये थांबून कण्हत. कडेवर पाच किलो पिठाची पिशवी. ते म्हणे तापलेलं पोर! दुकानात शिरले की आधी फ्रिज उघडायला लावत. एकदा इन्सुलिनशेजारी श्रीखंड निघालं, तेव्हा दुकानदाराला म्हणाले, "पेशंटला दोन्ही एकदमच देता वाटतं?"

मी घरातला पहिला पदवीधर, नोकरी अजून कच्ची. ऐरोलीच्या नकाशावर एका चालू दुकानाभोवती मी कंपासनं सुबक वर्तुळ काढलं आणि लिहिलं, आतल्या सर्वांना दुकान जवळ. त्यावरून एका सेक्टरात औषधांसाठी राखलेला गाळा रद्द होणार होता. साहेबांची सही पाच वाजता. तीनला काकांनी नकाशा पाहिला.

"माणूस काय कंपासच्या टोकावरून चालतो रे? ऊठ."

त्या सेक्टरात पोचलो. घरं आणि दुकान यांच्या मध्ये रुंद नाला. तिथल्या गावातली एक आगरी आजी म्हणाली, "सायेब, दुकान समोर दिसतंय, पन पूल पार तिकरं हाय. पोर तापलं का आमी काय उरत जावाचा?"

काका पिशवी घेऊन पुलाकडे निघाले. पावणेचार वाजले.

"काका, आज तरी भराभर चला!"

"आजाऱ्याला सांगतोस?"

दुकान गाठायला पस्तीस मिनिटं लागली. परतताना मात्र रिक्षा केली. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं होतं. काका सरळ आत गेले. "साहेब, जरा हे धरा. ताप आहे." साहेबांनी गोंधळून पिशवी छातीशी घेतली, सफारीवर पीठ सांडलं. "हा काय तमाशा?"

"सर, मध्ये नाला आहे," मी म्हणालो. "वर्तुळ मी काढलं. चूक माझी."

साहेबांनी पिशवी धरूनच नकाशा पाहिला. मग त्यांनी माझी ओळ खोडली.

निवृत्तीनंतर काकांनी त्याच सेक्टरात घर घेतलं. त्या गाळ्यातलं दुकान घरापासून चार मिनिटांवर. हल्ली गोळ्या आणायला ते माझा हात धरून येतात. काल अठरा मिनिटं लागली. काकांनी घड्याळ पाहिलं नाही. मीही नाही.